पुढच्या खोलीतली चूल

हिंगोलीत थंडी पडत नाही, हे ज्यांनी मला पटवून दिलं ते गृहस्थ स्वेटर विकायचे.

दिवाळी सरली की आमच्या मैदानाच्या कडेला तिबेटी लोकांची दुकानं लागतात. बांबू, ताडपत्री आणि आत छतापासून खाली टांगलेली लोकर. त्यातल्या एका दुकानात हे बाबा बसायचे. अंगात बिनबाह्यांचा बनियन, खांद्यावर घाम पुसायला पंचा. समोर कानटोपी, मफलर आणि वरून शाल असा सगळा जामानिमा केलेलं गिऱ्हाईक कुडकुडत उभं राहायचं आणि जाड स्वेटर मागायचं. बाबा आधी त्याच्याकडे बघायचे, मग बाहेरच्या उन्हाकडे बघायचे आणि म्हणायचे, "ये ठंड नहीं है." गिऱ्हाईकानं हट्ट धरलाच तर हाफ स्वेटर पुढं करायचे. मग आत बसलेली त्यांची बायको त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलायची. ती भाषा मला कधी आली नाही, पण त्या वाक्यांचा अर्थ कुठल्याही बायकोला कळला असता. बाबा निमूट बाजूला सरकायचे आणि ती जाड स्वेटर विकून मोकळी व्हायची.

हे दोघं दर हिवाळ्यात आमच्याच घरी राहायचे. आमची पुढची खोली रस्त्यावर उघडते. माझ्या सासऱ्यांनी ती माझ्या लग्नाच्या आधीपासून त्यांना दिलेली. मी कनेरगाव नाक्याच्या पलीकडची, वाशीमकडची. एवढ्याशा अंतरावरून आले, तरी माझं बोलणं ऐकून सासरची माणसं पदराआड हसायची आणि भाजीत तिखट जास्त पडलं की 'वऱ्हाडी हात' म्हणायची. त्या पहिल्या हिवाळ्यात नळावर पाणी भरताना बाबांच्या बायकोनं मला विचारलं होतं, "तुम भी बाहर का?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि माझी घागर आधी लावू दिली. दुकानावरच्या तिबेटी पोरी तिला आमा म्हणायच्या, म्हणून पुढं सगळी गल्ली तिला आमाच म्हणायला लागली.

बाबांना मात्र गावात सगळे नेपाळी म्हणत. रिक्षावाले म्हणत, भाजीवाली म्हणे, माझे सासरेसुद्धा कौतुकानं 'आपला नेपाळी' म्हणत. मी एकदा त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही सांगत का नाही लोकांना? त्यांनी सांगितलं की सुरुवातीची काही वर्षं ते सांगायचे. पण तिबेट म्हटलं की तो कुठं आला हे सांगावं लागतं, मग चीन सांगावा लागतो, मग डोंगर ओलांडून आले ते सांगावं लागतं, आणि गिऱ्हाईक तर कानटोपीसाठी थांबलेलं असतं. "टोपी के लिए इतना कौन सुनेगा," ते म्हणाले. तेव्हापासून कोणी नेपाळी का म्हणून विचारलं की ते हो म्हणून टाकत.

खरं तर तो देश त्यांनाही आठवत नव्हता. आईच्या पाठीवर बांधलेल्या गाठोड्यात ते इकडे आले. वाढले कर्नाटकातल्या त्यांच्या वसाहतीत, मक्याच्या शेतात. लग्न तिथं, लेकरं तिथं. एक मुलगा लांब परदेशात गेला होता, तो तिकडे आणखी वेगळ्या तऱ्हेनं परका होता. डोंगर कसा होता, बर्फ कसा होता, असं मी विचारलं की बाबा जरा वेळ विचार करून 'बहोत ठंड था' एवढंच सांगत. मला वाटतं, तेही त्यांना त्यांच्या आईनंच सांगितलेलं असणार. पण त्या सांगोवांगीच्या थंडीवर त्यांनी आयुष्यभर सगळ्या थंड्या मोजल्या आणि आमची हिंगोली त्यात कधीच बसली नाही.

आता त्यांचं वेड सांगते. ते नियम पाळायचे.

हे वाचायला साधं वाटेल, पण हिंगोलीत राहणाऱ्याला विचारा. रस्त्यावरून चालताना ते कडेनं, एका बाजूनं चालायचे. समोरून म्हैस आली तर म्हशीला वळसा घालून पुन्हा त्याच बाजूला यायचे. टपालाच्या खिडकीपुढं गर्दी असली की गर्दीच्या मागं उभे राहायचे आणि मागून येणारे त्यांच्या पुढं घुसत राहायचे. घंटागाडी सुरू झाली तेव्हा गाडीवाले ओला कचरा वेगळा, सुका वेगळा असं भोंग्यावर ओरडून सांगायचे. आमच्या गल्लीत ते ऐकलं फक्त बाबांनी. दोन डबे घेऊन ते दारात उभे राहायचे. गाडीवाला दोन्ही डबे एकाच ढिगात उलटे करायचा. बाबा ते नीट बघायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन डबे घेऊन उभे.

सगळ्यात मोठा नियम ठाण्याचा. बाहेरदेशीचं माणूस गावात राहायला आलं की पोलिसांना कळवावं लागतं. बाबा बसमधून उतरले की पेट्या आमच्या ओसरीवर टाकून, पाणीसुद्धा न पिता आधी ठाण्यात जायचे. जमादार दरवर्षी म्हणायचे, उद्या या. बाबा उद्यावर जायचे नाहीत. बाकावर बसून राहायचे. एकदा जमादार वैतागून म्हणाले, "काहून एवढी घाई करता बाबा, आमी काय तुमाला हाकलून राहिलो का?" बाबा हसले आणि बसून राहिले. घरी आल्यावर मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "इधर का आदमी भूल गया तो भूल गया. हम भूल गया तो केस." त्यात तक्रार नव्हती. दमलेला माणूस चपला काढताना जसं बोलतो तसं ते बोलले.

आमाचं असं नव्हतं. ती नियम विचारायची नाही, माणसं विचारायची. दुपारी दुकान पोरींवर सोपवून ती आमच्या समोरच्या सखुमावशीच्या ओट्यावर येऊन बसायची. तुरीच्या शेंगा सोलायच्या, हरभरा निवडायचा, मिरच्यांची देठं काढायची, हात चालू आणि तोंड चालू. त्या ओट्यावर ती मराठी शिकली, तीही सखुमावशीची. 'न्हाई', 'व्हय', 'गप बस गं' असं ती इतकं झकास म्हणायची की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडायचा. तिच्या कमरेला त्यांच्या लग्न झालेल्या बायकांचा असतो तसला पट्ट्यापट्ट्यांचा रंगीत एप्रन असायचा. सखुमावशीनं तो एकदा मागून बांधून पाहिला आणि साऱ्या गल्लीतून मिरवून आली.

सखुमावशी म्हणजे आमच्या गल्लीचं कोर्ट. नवरा तरुणपणी गेलेला, दोन्ही पोरं तिनं शेतात राबून वाढवलेली, मुलगी पुण्याला दिलेली. कोणाच्या घरी काय शिजलं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं तिच्या ओट्यावर जमा व्हायचं. तिचा आवाज मोठा आणि शब्द अखेरचा.

गल्लीतला सगळ्यात मोठा नियम बाबांना तिनंच शिकवला. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आमच्या गल्लीतले एक म्हातारे सकाळी वारले. बाबा आपल्या खोलीत स्टोव्हवर त्यांचा तो मिठाचा चहा उकळत बसले होते. चहा झाला की त्यात सातूचं पीठ मळायचं आणि त्याचे गोळे खायचे, ही त्यांची न्याहारी. सखुमावशी न विचारता आत शिरली आणि आपल्या हातानं स्टोव्ह बंद केला.

"मयत हाये गल्लीत," ती म्हणाली. "मयत उठंस्तोवर चूल पेटवायची न्हाई."

बाबांनी विचारलं, का?

"काहून म्हंजे? न्हाई पेटवायची."

बाबांना तेवढं पुरलं. कारण कळलं नाही तरी नियम पाळता येतो, हे त्यांना सवयीनं ठाऊक होतं. त्यानंतर गल्लीत कोणी गेलं की त्यांचा स्टोव्ह आमच्या आधी बंद. पुढं गॅस आला, चुली गेल्या, पण बाबांचा नियम तोच. एकदा तर मागच्या गल्लीत कोणी वारलं आणि यांनी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही. मी म्हटलं, बाबा, ती गल्ली वेगळी. तर त्यांनी मला विचारलं, मग आपली गल्ली कुठं संपते? मी म्हटलं, पिठाच्या गिरणीपाशी. आमचे हे म्हणाले, गिरणीच्या पुढच्या कडुनिंबापाशी. सखुमावशी म्हणाली, जिथवर माझा आवाज जातो तिथवर. बाबा स्वतः जाऊन गिरणी आणि कडुनिंब बघून आले. तेव्हापासून खात्री नसेल तेव्हा ते बंदच ठेवायचे.

अशी पुष्कळ वर्षं गेली. सासरे गेले, माझी पोरं मोठी झाली, मी पुसेगावच्या शाळेत शिकवायला जाऊन-येऊन करून केस पांढरे करून घेतले. बाबा आणि आमा दर दिवाळीनंतर यायचे, संक्रांत झाली की काही दिवसांनी जायचे. येतानाही पेट्या, जातानाही पेट्या. आमाचे गुडघे दुखायला लागले होते. ती म्हणायची, दोन गाव, दोन्ही आधे. वसाहतीत गेलं की इथली आठवण, इथं आलं की तिथली, आणि दोन्हीकडे कोणीतरी विचारायचंच की तुम्ही कुठले.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमाला चार-पाच दिवस खोकला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, सखुमावशीनं काढा दिला होता. एके दिवशी सकाळी बाबा आमच्या मधल्या दारात आले. मधलं दार उघडंच असायचं, तरी ते दर वेळी वाजवून थांबत. त्या दिवशीही वाजवलं, थांबले, आणि म्हणाले, "वो गयी."

मी धावत निघाले तर त्यांनी हात आडवा केला. मग अगदी शांतपणे, गावातला रस्ता समजावून सांगावा तसं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला कोणी हात लावत नाहीत. आधी लामा येतो, तो डोक्याला हात लावतो आणि वाट सांगतो. तोवर गेलेल्याला आपण गेलो हे नीट कळलेलं नसतं. कोणी हलवलं, कोणी रडून हाका मारल्या, की ते घुटमळतं आणि त्याची वाट चुकते. वसाहतीत फोन केला होता. लामा निघाला होता. उद्या दुपारपर्यंत पोचणार होता. तेवढा वेळ तिला नुसतं राहू द्यायचं.

"कल दोपहर," ते म्हणाले. "बस, इतना टाइम."

मी म्हटलं, बरं. मी दाराशी बसते.

मग ते ठाण्यात गेले. बायको घरात तशी, आणि हा माणूस सदरा घालून, रस्त्याच्या एका बाजूनं चालत, आपलं एक माणूस कमी झालं हे सरकारला कळवायला गेला. परत आले ते जमादारांच्या मोटारसायकलवर बसून. जमादार दारात टोपी काढून उभे राहिले आणि मग गेले.

दुकानांवरची तिबेटी माणसं आली आणि भिंतीला टेकून माळ ओढत बसली. गल्लीतल्या बायका आल्या. सखुमावशी पुढं. मी त्यांना दाराशीच अडवलं, कारण सांगितलं. सखुमावशीला ते मुळीच पटलं नाही. एवढं सोबतीचं माणूस गेलं आणि गळ्यात पडून रडायचं नाही म्हणजे काय? पण ती ओठ मिटून ओट्यावर जाऊन बसली. बाकीच्या तिच्याभोवती बसल्या.

दुपार झाली. कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती. शाळेतून आलेली लेकरं बिस्किटं खाऊन हिंडत होती. पुरुष यायचे, आमच्या ह्यांना हळूच विचारायचे, कधी न्यायचं? हे सांगायचे, उद्या दुपारी. त्यावर कोणी काहीही बोलायचं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसते 'हां' म्हणायचे आणि कडुनिंबाखाली जाऊन उभे राहायचे. दुकानांवरच्या एका तिबेटी पोरीनं माझ्याकडं बघत बाबांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. नंतर तिनंच मला सांगितलं की ती म्हणाली होती, इथं आपल्याला पुन्हा यायचंय, हे म्हणतील तसं करा.

बाबा उठून बाहेर आले. ओट्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. मोठ्यानं बोललेलं मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

"आप लोग चूल्हा जलाओ. बच्चे भूखे हैं. हम बाहर का आदमी है, परदेसी है. हमारा मय्यत आपका मय्यत नहीं. आपका नियम हमको लगता नहीं."

जो शब्द ठाण्याच्या बाकावर, खिडक्यांपुढं, दुकानावर आयुष्यभर त्यांच्या मानेवर बसला होता, तो त्या दिवशी त्यांनी आपणहून पुढं केला. परकेपणाचा एकदा तरी उपयोग व्हावा एवढंच त्यांना हवं होतं. कोणी 'बरं बाबा' म्हटलं असतं तर आमाला तिची दुपार मिळाली असती.

सखुमावशी उठून उभी राहिली.

"परदेशी तुमी दुकानावर असाल," ती म्हणाली. "ती माझ्या वट्ट्यावर बसत होती. ती घरात पडून असताना मी भाकर थापू व्हय? मला न्हाई जमायचं. आमी बसतो उद्यापस्तोर उपाशी."

ती मनापासून बोलली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. 'व्हय, व्हय' असं सगळ्या बायका म्हणाल्या. गल्लीनं त्या माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं म्हटलं, आणि नेमकं त्याच दिवशी त्याला ते नको होतं.

बाबांनी बिस्किटं खाणाऱ्या लेकरांकडं बघितलं. मग म्हणाले, "ठीक है. शाम को." आणि जरा थांबून म्हणाले, "रोना मत. इतना करो."

मग जे व्हायचं ते भराभर झालं. आमा सवाष्ण गेली होती. बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं. सखुमावशीनं आपल्या पेटीतलं नवं लुगडं आणलं होतं. बाबांना शेवटचं बघायला बोलावलं तेव्हा ते तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. "अच्छा दिखती है," असं म्हणून त्यांनी मान वळवली.

कोणी रडलं नाही. बायकांनी पदर तोंडात कोंबले होते. सखुमावशीचे खांदे हलत होते पण आवाज नव्हता. आमच्या गल्लीतून तशी मुकी मयत कधी निघाली नव्हती. कयाधू नदीच्या काठावर तिला अग्नी दिला आणि घरोघरी खिचडी शिजली.

लामा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. अगदी सांगितलेल्या वेळेला. तरुण मुलगाच होता, प्रवासानं चेहरा उतरलेला. बाबांनी आमाचा पट्ट्यांचा एप्रन घडी करून त्याच्यापुढं ठेवला आणि तो त्या एप्रनला पोथी वाचून दाखवत बसला.

पुढच्या हिवाळ्यात बाबा येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. ते आले. पेट्या ओसरीवर टाकल्या आणि ठाण्यात गेले. वसाहतीत रिकाम्या घरात बसून काय करायचं, असं म्हणाले. दुकानात बनियनवर बसायचे, गिऱ्हाइकाला 'ये ठंड नहीं है' म्हणायचे, आणि आता मागून दोन वाक्यं बोलायला कोणी नव्हतं. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. मला वाईट वाटायचं, पण त्यांना त्याचं काही वाटतंय असं दिसायचं नाही. कधी भाजी निवडताना, कधी पाणी भरताना मध्येच म्हणायचे, "जल्दी हो गया उसका." ती वाटेला लागली की अजून कुठं घुटमळतेय, हा हिशेब त्यांचा लागत नव्हता आणि तो मांडायला त्यांना माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

या वर्षी सखुमावशी अंथरुणाला खिळली. वयच झालं होतं. बाबांनी ऐकलं आणि दुकानातला सगळ्यात जाड स्वेटर घेऊन तिला बघायला गेले. मी बरोबर होते. खाटेवर ती एवढीशी झाली होती. म्हणाली, थंडी वाजून राहिली बाबा. मी बाबांकडं पाहिलं. बाहेर चांगलं ऊन होतं.

"हां," बाबा म्हणाले. "ठंड है."

स्वेटर तिच्या अंगावर पसरून ते खाली बसले. मग कोणाला गावाला जाताना निरोप द्यावा तसं त्यांनी तिला सांगितलं की उधर ती भेटली तर बोल, उसको जल्दी निकालना पड़ा. बोल, हमारा मन नहीं था.

सखुमावशीनं डोळे मिटले होते. मला वाटलं ऐकलंच नाही. पण थोड्या वेळानं ती म्हणाली, "सांगते मी तिला. माझ्यापायी झाली म्हनावं घाई."

बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. ती दोघं तशीच बसून राहिली आणि मी चहा ठेवायला उठले.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी सखुमावशी गेली. घरात एकच आकांत झाला, गल्ली गोळा झाली. बाबांनी दुकान बंद केलं, खोलीत येऊन गॅसचं बटण बंद केलं आणि दाराशी माळ घेऊन बसले. सखुमावशीच्या पोरांनी पुण्याला फोन लावला. बहीण निघाली होती, सकाळपर्यंत येणार होती. थोरला म्हणाला, "लेक येईस्तोवर थांबू. तिला मायचं तोंड दिसाया पाह्यजे." त्यावर सगळे म्हणाले, बराबर हाये. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. बर्फाच्या लाद्या आणायला माणूस गेला.

तिन्हीसांजेला मी बाबांसाठी हॉटेलातून चहा घेऊन आले. त्यांनी पेला तसाच बाजूला ठेवला. म्हणाले, अभी नहीं, सखुबाई निकलने के बाद. मी शेजारी बसले. एवढ्यात गल्लीच्या मागच्या अंगाला कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. एक झाली, मग दुसऱ्या घरातून आणखी एक. खिडक्या लावून घेतलेल्या होत्या, पण शिट्टीला खिडकी काय करणार?

बाबांनी मान वर केली. त्यांनी आधी त्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं, मग समोर सखुमावशीच्या दाराकडं, मग माझ्याकडं.

"ऐसा भी चलता है?"

मी म्हटलं, लेकरं असतात घरात, रात्र काढायची असते. मागच्या बाजूनं, दार लावून करतात थोडंफार. चालतं.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. इतक्या वर्षांत त्यांनी आमचे नियम आमच्यापेक्षा चांगले पाठ केले होते. ते कुठं वाकतात, कोणासाठी वाकतात, हे कोणी सांगत नाही, ते इथं जन्मलेल्यालाच ठाऊक असतं. पुण्याहून येणाऱ्या लेकीसाठी थांबता येतं. कर्नाटकातून निघालेल्या लामासाठीही थांबता आलं असतं, आमच्यातल्या कोणी तेव्हा नुसतं म्हणायला हवं होतं.

बाबा माळेचा तोच मणी धरून बसले. मग म्हणाले, "अच्छा है. सखुबाई को टाइम मिला."

आणि पुन्हा माळ ओढू लागले. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली, आईच्या गळ्यात पडून पोटभर रडली आणि मग सखुमावशीला नेलं. तोवर आमच्या गल्लीत एकच चूल खरोखर बंद होती.